पंचावन्नला अडकलेले फोटो

कॅमेरा हातात येऊन तीन महिने झाले नाहीत तोच मला मोठी झूम लेन्स हवीशी वाटू लागली. का हवी ते सांगता येत नव्हतं. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या १८-५५ मिलिमीटरच्या किट लेन्सची झूम रिंग फिरवत नेली की ५५ला टक्क करून थांबते, आणि दर वेळी तिथे मनात येतं की अजून थोडी फिरली असती तर! एवढ्यावर माझा निर्णय झाला होता. पक्षी टिपायचे, लांबचे चेहरे टिपायचे, ३००ची लेन्स घ्यायची.

माझा कॅमेरा निकॉनचा डी ३३००, २०१४ साली बाजारात आलेला, मी तो वापरलेला घेतला. बरीच वर्षं फोटो काढणाऱ्या एका मित्राला ही ३००ची योजना सांगितली. तो म्हणाला, "घे की. पण आधी काढलेले फोटो मोज."

"मोजू म्हणजे?"

"कुठला फोटो कितीला काढलास ते मोज. कॅमेऱ्याने सगळं लिहून ठेवलेलं असतं."

खरंच असतं. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंग्थ (लेन्स किती मिलिमीटरवर होती), अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं), शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं), आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील) अशी सगळी कुंडली दडलेली असते. एक्झिफटूल नावाच्या फुकट प्रोग्रॅमने अख्ख्या फोल्डरचा तक्ता काढता येतो. मी काढला. साधारण १,२०० फोटो होते. त्यातले ४८० बरोबर ५५ला, ३१० बरोबर १८ला, आणि उरलेले मधल्या आकड्यांवर विखुरलेले. म्हणजे झूम असूनही मी ती दोन टोकांची लेन्स म्हणूनच वापरत होतो. ५५चा ढीग बघून मला आनंद झाला. बघ, म्हटलं, मोठी झूम हवी हे सिद्धच झालं.

मित्राने तो ढीग उघडून बघायला लावला, आणि तिथे माझी पंचाईत झाली. ४८०पैकी दोनशेच्या आतबाहेर फोटो खरोखर लांबच्या गोष्टींचे होते: तारेवरचा पक्षी, पलीकडच्या गच्चीवरची मांजर. बाकी सगळे घरातले, आणि त्यातले बहुतेक माझ्या चार वर्षांच्या भाचीचे. तिथे लांबी कमी पडलीच नव्हती, कमी पडला होता प्रकाश. तक्त्यात या फोटोंपुढचे आकडे एकसारखे होते: एफ/५.६, आयएसओ ३२००, शटर १/१५. कुठे १/१०. चार वर्षांचं मूल सेकंदाच्या पंधराव्या भागात काय काय करतं ते त्या फोटोंत नीट दिसत होतं, फक्त मूल दिसत नव्हतं. एका फोटोत तिच्या फ्रॉकवरचं बटण अगदी स्वच्छ आलंय आणि हाताच्या जागी गुलाबी धूर आहे.

लेन्सवर व्हीआर लिहिलेलं आहे, मग फोटो हलतो कसा, हा माझा तेव्हाचा प्रश्न. व्हीआर माझ्या हाताचा कंप सांभाळतं, भाचीला आवरत नाही. ती हलत असेल तर शटरच वेगवान हवं. शटर वेगवान करायचं तर लेन्सने जास्त प्रकाश आत घ्यायला हवा. किट लेन्स ५५ला एफ/५.६पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/१.८ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश घेते, कारण प्रकाश आकड्याच्या वर्गाने बदलतो: ५.६ भागिले १.८, आणि उत्तराचा वर्ग. १/१५चं थेट १/१५० होतं, तेही आयएसओ न वाढवता. हा हिशेब कागदावर मांडला आणि ३००ची लेन्स यादीत दुसऱ्या नंबरवर गेली.

आता एफ/१.८ची कुठली? ३५ की ५०? यावर लोक तासन्‌तास बोलतात आणि सगळ्यांचं बरोबर असतं. मी मात्र कागदी चिकटपट्टी आणली. किट लेन्सची रिंग ३५च्या खुणेवर आणून पट्टी गुंडाळली आणि आठवडाभर तिला हात लावायचा नाही असं ठरवलं. पुढच्या आठवड्यात ४५ आणि ५५च्या मधोमध, म्हणजे साधारण ५०वर. यात एक गंमत झाली. ही लेन्स बटण दाबून आत मिटवता येते, पण रिंगला पट्टी असल्यावर ती मिटेना. पंधरा दिवस कॅमेरा नाक बाहेर काढूनच बॅगेत बसला, चेन अर्धी उघडी.

५०चा आठवडा घरात फार गैरसोयीचा गेला. या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे फिल्मच्या जुन्या चौकटीपेक्षा लहान. त्यामुळे दीडपटीचा हिशेब लागतो आणि ५० इथे ७५सारखी वागते. दोन मीटरवरून ५०मध्ये जेमतेम ९४ सेंटीमीटर रुंदी मावते, ३५मध्ये १३४. हे आकडे मला नंतर कळले. आधी कळलं ते पाठीला कपाट लागल्यावर. भाची जमिनीवर ठोकळे मांडतेय, मी मागे सरकतोय, सरकतोय, आणि धाड. ३५च्या आठवड्यात असं एकदाही झालं नाही. चेहऱ्यासाठी थोडं पुढे जावं लागलं, पण पुढे जायला कपाट आडवं येत नाही.

तरी ५०चा मोह सुटेना, कारण मित्राकडे एक जुनी ५० एफ/१.८डी पडून होती. "घेऊन जा, वापरून बघ," म्हणाला. मी लेन्स लावली, बटण दाबलं, आणि पडद्यावर एफईई ही अक्षरं लुकलुकायला लागली. शटर हलेना. मला वाटलं, मोडली लेन्स. घामच फुटला. फोन केला तर तो हसायला लागला. "अरे, लेन्सवरची अपर्चर रिंग २२वर नेऊन लॉक कर. अपर्चर आता कॅमेरा बदलणार, तू नाही." केलं लॉक. कॅमेरा जागा झाला. पण फोकस? लेन्स ढिम्म. शटरचं बटण अर्धं दाबून ठेवलं तरी ती जागची हलायला तयार नाही.

या प्रकरणात जो धडा मिळाला तो निकॉनचा साधा कॅमेरा असलेल्या प्रत्येकाच्या कामाचा आहे. डी ३००० आणि डी ५००० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. मोटर लेन्समध्येच हवी. लेन्सच्या नावात एएफ-एस असेल तर मोटर आहे. नुसतं एएफ असेल तर फोकस हाताने करायचा. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, कोपऱ्यात फोकस जुळल्याची एक टिकली दिसते, तिच्या भरवशावर जमतंही, पण पळत्या मुलामागे नाही. एएफ-पी हा आणखी वेगळा प्रकार. त्या लेन्सना डी ३३००मध्ये आधी फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं, आणि डी ३२००वर त्या फोकसच करत नाहीत. कॅननवाल्यांना ही भानगड नाही. तिथे १९८७पासूनच्या ईएफ लेन्समध्ये मोटर असतेच. लाल ठिपका ईएफचा, पांढरा चौकोन ईएफ-एसचा, आणि दोन्ही साध्या कॅमेऱ्यावर बसतात.

म्हणून घेतली ती एएफ-एस ३५ एफ/१.८जी, डीएक्स, म्हणजे अशा लहान सेन्सरसाठीची. घेण्याआधी एक चाचणी मात्र हट्टाने केली. साध्या बॉडीत फोकस बारीक जुळवायची सोय नसते. म्हणजे लेन्स आणि बॉडीचं सूत जमलं नाही, फोकस दर वेळी केसभर मागे किंवा पुढे पडला, तर मेनूतून दुरुस्त करता येत नाही. टेबलावर फूटपट्टी तिरपी ठेवली, दहाच्या आकड्यावर मधला फोकस बिंदू धरला, एफ/१.८वर आधी व्ह्यूफाइंडरमधून पाच फोटो काढले, मग लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, पाच. लाइव्ह व्ह्यू थेट सेन्सरवरच्या प्रतिमेवरून फोकस ठरवतं, त्यामुळे ते फोटो म्हणजे पट्टीवरची खरी खूण. दोन्हींत दहाच स्पष्ट आला. मग घेतली.

पहिल्या संध्याकाळी काढलेले फोटो बघून मी खूश, आणि मोठ्या पडद्यावर उघडल्यावर निम्मे बाद. मीटरभर अंतरावरून ३५ एफ/१.८मध्ये स्पष्टतेची जाडी साधारण सहा सेंटीमीटर असते. नाकाचा शेंडा स्वच्छ आणि डोळे लोण्यासारखे, असे चाळीस फोटो निघाले. चूक माझीच. मधल्या बिंदूने फोकस धरायचा, मग कॅमेरा हलवून चौकट जुळवायची ही सवय एफ/५.६ला खपून जात होती. आता डोळ्यावरचाच बिंदू निवडतो. या कॅमेऱ्यात अकरा बिंदू आहेत आणि त्यातला मधला एकच आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा आहे, म्हणून अंधारात कडेचे बिंदू चाचपडतात. तेव्हा मधलाच वापरतो आणि कडा नंतर कापतो. आणि एफ/१.८ऐवजी बहुतेक वेळा एफ/२.८. तेवढ्यातही १/६० मिळतो, आणि भाची बसलेली असली तर तो पुरतो.

मग आला पक्षी.

इथेही मी हौसेने ३००च धरून बसलो होतो. दहा मीटरवर बसलेला, चोचीपासून शेपटीपर्यंत पंधरा सेंटीमीटरचा पक्षी घेऊ. ५५ला चौकटीत सव्वाचार मीटर रुंदी मावते, म्हणजे पक्षी तिचा अठ्ठाविसावा भाग. माझा फोटो सहा हजार पिक्सेल रुंद असतो, त्यात पक्ष्याच्या वाट्याला दोनशेच्या वर जेमतेम काही पिक्सेल. २००ला तोच पक्षी साडेसातशेच्या पुढे जातो, ३००ला साधारण साडेअकराशे. ५५वरून २००ची उडी प्रचंड आहे. २००वरून ३००ची उडी म्हणजे दहा मीटरवरून पावणेसात मीटरवर येऊन उभं राहणं. पक्षी तेवढं येऊ देतो का, हा प्रश्न आहेच. माझ्या खिडकीसमोरचे देतात. उलट ३००ला शटरही वेगवान लागतं. हाताने काढायचा फोटो न हलण्यासाठी फोकल लेंग्थएवढा आकडा धरायचा हा जुना अंदाज, या लहान सेन्सरवर तिच्या दीडपट: २००ला १/३००, ३००ला १/४५०. ढगाळ दिवशी हा फरक जाणवतो. पक्षीनिरीक्षणाचा खरा नाद असणारे माझ्या या हिशेबावर हसतील, आणि त्यांचं बरोबर असेल. त्यांना ३००ही पुरत नाही.

मी ५५-२०० एफ/४-५.६ व्हीआर टू वापरलेली घ्यायचं ठरवलं. त्याआधी एक जुनी ७०-३०० अगदी स्वस्तात दिसली होती. नाव नीट वाचलं तर नुसतं एएफ, शिवाय व्हीआर नाही. लुकलुकणारं एफईई आठवलं आणि मी पुढे सरकलो.

वापरलेली लेन्स बघायला गेलो तेव्हा खिशात टॉर्च होता. दोन्ही टोपणं काढून मागून उजेड टाकायचा आणि पुढून तिरपं बघायचं. धुळीचे चार कण कुठल्याही लेन्समध्ये सापडतात, त्याने फोटोत काही फरक पडत नाही. शोधायचं ते कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. ती बुरशी. पहिल्या लेन्समध्ये ती होती, कडेपासून मध्यापर्यंत नखाएवढी पसरलेली. मालक म्हणाला, "पुसलं की जाईल." काचांच्या आतली बुरशी पुसणार कशी? दुसरी लेन्स स्वच्छ निघाली. तिच्या माउंटवरच्या स्क्रूंची डोकी बघितली. घासलेली असती तर कुणीतरी लेन्स उघडली होती असं समजलो असतो. रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवली, २००ला बटण अर्धं दाबून व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा क्षणभराने स्थिर होते का ते बघितलं. एकदा एफ/५.६ला आणि एकदा एफ/११ला सपाट भिंत टिपली आणि चारही कोपरे मोठे करून बघितले. उजवा कोपरा थोडा मऊ होता. पक्षी कोपऱ्यात बसवायचा नाही, म्हटलं, आणि घेतली.

अॅक्सेसरीजवर मी लेन्सइतका विचार केला नाही, आणि त्यामुळेच तिथे जास्त ठेचकाळलो. सगळ्यात आधी घेतला यूव्ही फिल्टर, "लेन्स वाचते" म्हणून. रात्री दिव्यांची रांग टिपली तर आकाशात प्रत्येक दिव्याचं हिरवट भूत, चौकटीच्या मध्यातून आरपार बरोबर विरुद्ध बाजूला. फिल्टर काढला, भुतं गेली. सेन्सरपुढच्या काचेत अतिनील किरणं अडवायची सोय असतेच, त्यामुळे त्या कामासाठी फिल्टरची गरज नव्हतीच. धक्क्यापासून वाचवायला हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी नळकांडी, जास्त उपयोगी, तो भलत्या बाजूचा उजेडही अडवतो. आता फिल्टर लावतो तो उडत्या वाळूत किंवा पाण्याच्या तुषारांत.

पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, मात्र पैसे वसूल करणारा. पाण्यावरची चमक, पानांवरची चमक, हे नंतर कॉम्प्युटरवर काढता येत नाही. माझं नशीब असं की किट लेन्स, ३५ आणि ५५-२०० तिन्हींचा व्यास ५२ मिलिमीटर, एकच फिल्टर तिन्हींना चालतो. लेन्सच्या तोंडाशी तिरप्या रेघेच्या शून्याशेजारी हा आकडा लिहिलेला असतो, आणि तो फोकल लेंग्थचा नव्हे. पण किट लेन्सचं तोंड फोकस करताना गोल फिरतं, आणि त्याबरोबर पोलरायझरही. जुळवलेली चमक फोकस झाला की परत हजर. आधी फोकस, मग लेन्सवरची कळ एमवर (म्हणजे हाताने फोकस), मग फिल्टर फिरवायचा, हा क्रम कळेपर्यंत एक अख्खी सकाळ गेली. शिवाय १८ला निळं आकाश टिपलं तर मध्ये गडद पट्टा येतो आणि कडा फिकट राहतात, कारण परिणाम सूर्याशी काटकोनात असलेल्या आकाशावर सर्वांत जास्त होतो आणि १८मध्ये मावणारं आकाश त्या पट्ट्याहून कितीतरी रुंद असतं.

ट्रायपॉड हलका घेतला. चूक. ५५-२०० लावून चंद्रावर रोखला, स्क्रू आवळला, हात काढला, की कॅमेरा मान टाकल्यासारखा हळूच खाली झुकतो आणि चंद्र चौकटीच्या वर निसटतो. मग चंद्राच्या वरच्या रिकाम्या आकाशावर रोखायचा आणि तो झुकून बरोबर जागेवर येईल अशी वाट बघायची. हे मी खरंच केलंय. पुढे पाय जड आणि डोकं घट्ट असलेला घेतला. मधला दांडा शक्यतो वर काढत नाही. दोन सेकंदांचा टायमर लावतो म्हणजे बोटाचा धक्का पोहोचत नाही. ट्रायपॉडवर व्हीआर बंद. आणि लांब शटर असेल तर व्ह्यूफाइंडरच्या भोकावर टोपी टाकतो, कारण मागून शिरलेला उजेड प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवतो.

कार्डाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण अजून राग येतो. ६४ जीबीचं म्हणून मिळालेलं कार्ड सुरुवातीला छान चाललं. मग एका सहलीचे शेवटचे फोटो उघडेनात, नुसते करड्या रंगाचे चौकोन. एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या प्रोग्रॅमने कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघितलं तर खरी जागा ८ जीबी निघाली. आता नवं कार्ड आलं की फोटो काढण्याआधी ही चाचणी. साध्या फोटोंना क्लास १०चं कार्ड पुरतं, म्हणजे सेकंदाला निदान १० एमबी. व्हिडिओसाठी किंवा रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, मोठ्या फाइलींत) भराभर फोटो काढायचे तर यू थ्री, म्हणजे निदान ३० एमबी. आणि एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम बरी, असं माझं मत.

सफाईसाठी रबरी ब्लोअर, मऊ ब्रश, मायक्रोफायबरचं फडकं. लेन्सवर तोंडाने फुंकायची माझी सवय भाचीने उचलली आणि एकदा काचेवर थुंकीचे तीन ठिपके सोडले, तेव्हापासून दोघांचीही फुंकर बंद. सेन्सरवर धूळ आहे का ते एफ/१६ला पांढरी भिंत टिपली की कळतं. ठिपका फोटोत वर डावीकडे दिसला तर समोरून बघताना धूळ सेन्सरवर खाली डावीकडे असते. मेनूतून आरसा वर करायचा, बॅटरी भरलेली हवी, कॅमेऱ्याचं तोंड खाली, आणि ब्लोअरचे चार-पाच झोत. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. दमट दिवसांत लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो, आत छोटा आर्द्रतामापक. काटा पन्नासच्या वर गेला की जेल बदलतो. ती नखाएवढी बुरशी विसरलेलो नाही.

फ्लॅशचं अजून ठरलेलं नाही. कॅमेऱ्यातला फ्लॅश आयएसओ १००ला एफ/५.६वर जेमतेम दोन मीटर पोहोचतो, तोही थेट तोंडावर. त्यात परवा किट लेन्सचा हूड काढायला विसरलो आणि भाचीच्या प्रत्येक फोटोत खाली अर्धगोल काळी सावली आली. मित्र म्हणतो, डोकं वळणारा फ्लॅश घे आणि छतावर मार, म्हणजे उजेड तिथून परतून चेहऱ्यावर पडेल. मी छताकडे बघितलं. ते फिकट हिरवं आहे.